पहिला डाव आजीचा

विचारलंय ते थोडक्यात असं: पुण्याहून जाऊन मे महिना सासरी, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात काढायचा आहे. सोबत सात वर्षांची मुलगी आणि बारा वर्षांचा मुलगा. घरात सासू-सासरे, दीर-जाऊ आणि त्यांची एक मुलगी. दुपारभर जो तो मोबाईल घेऊन आपापल्या कोपऱ्यात. सगळ्यांनी मिळून खेळावेत असे जुने, टिकलेले पटावरचे खेळ कोणते, आणि दोन हजारांत काय काय घ्यावं?

ताई, पैसे तूर्तास पर्समध्येच राहू द्या. आधी माझी वही ऐका.

मी वर्धा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर एकतीस वर्षं शिकवलं. निवृत्त झाल्यापासून गावच्या वाचनालयाची खेळपेटी माझ्याकडे आहे. लोखंडी पेटी, आत खेळ, सोबत एक वही. कोणी काय नेलं, कधी आणलं, किती सोंगट्या कमी आल्या, सगळं त्यात लिहिलेलं. उन्हाळ्यात पेटी जवळपास रिकामी असते, कारण आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकला की बारा ते चार कुत्रंसुद्धा पाणवठ्यावरून हलत नाही. या वहीत एक गंमत आहे. शहरातून कोणी हौसेने आणून दिलेले चकचकीत खोके एकेका घरी एकदा गेले आणि कोरेच्या कोरे परत आले. कॅरम कधी पेटीत दिसतच नाही. आणि गावात सगळ्यात जास्त जो खेळ खेळला जातो, त्याची वहीत एकही नोंद नाही. कारण तो कोणाला न्यावाच लागत नाही. त्याचं पुढे सांगते.

खोक्यावर वय छापलेलं असतं, आठ ते ऐंशी वगैरे. ते बघू नका. खेड्यातल्या घरात खेळ टिकतो की नाही हे दोनच गोष्टींवर ठरतं. पहिली, डावातून मधेच उठता येतं का. कोणी दारात येतो, चहा ठेवावा लागतो, ढोरं पाण्यावर न्यायची वेळ होते, नळ येतो. ज्या खेळात एक जण उठला की बाकीचे ताटकळतात, त्या खेळातून घरातल्या बाया पहिल्या बाहेर पडतात, कारण उठावं त्यांनाच लागतं. दुसरी गोष्ट, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला तो खेळ नातवापेक्षा चांगला यायला हवा. निदान पहिले आठ दिवस तरी. स्वतःच्या घरात, स्वतःच्या ओसरीवर, बारा वर्षांच्या पोराकडून इंग्रजी नियम समजून घ्यायचे म्हटलं की आजी म्हणते, "मले नाही समजत बापा हे, तुमीच खेळा," आणि गोधडी शिवायला घेते. दोष तिचा नाही. खेळच आपण चुकीचा निवडलेला असतो.

या दोन्ही कसोट्यांना उतरणारा एक खेळ फुकट आहे. अष्टा-चंगा. गावोगावी नाव बदलतं. कोणी चल्लस-आठ म्हणतं, कोणी नुसतंच "कवड्या". तुमच्या सासूबाई जे म्हणतील तेच नाव धरा.

फरशीवर खडूने पाच बाय पाचचा चौकोन आखायचा, पंचवीस घरं. चारही बाजूंच्या मधल्या घरात फुली आणि अगदी मधोमध एक फुली. चार जण चार बाजूंना, प्रत्येकाच्या चार सोंगट्या. आमच्याकडे सोंगट्या म्हणजे तुटक्या बांगड्यांचे तुकडे, सरकी, तुरीचे दाणे, खडे. बाजूची फुली हे आपलं घर. तिथून निघून बाहेरच्या सोळा घरांचा फेरा घड्याळाच्या उलट करायचा, मग आत शिरून आतल्या आठ घरांचा फेरा घड्याळाप्रमाणे, आणि शेवटी मधल्या फुलीत. एका सोंगटीला घरापासून मुक्कामापर्यंत चोवीस पावलं पडतात. फुलीत बसलेल्याला मारता येत नाही, बाकी कुठेही गाठलं की सोंगटी परत घरी. आणि सगळ्यात मजेचा नियम, जो बहुतेक घरांत पाळतात: एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत जायला मिळत नाही. त्यामुळे गुपचूप कडेकडेने चालणाऱ्याला कधीतरी कोणाशी तरी वाकडं घ्यावंच लागतं.

दान पाडायला चार कवड्या, किंवा चार चिचोके. चिचोके घरी करा, मुलांना त्याच कामाला लावा. वाळलेला चिचोका एका अंगाने खरबरीत दगडावर, थोडं पाणी टाकत घासायचा. वरचं तपकिरी साल जाऊन पांढरं दिसलं की थांबायचं. फार घासला तर चपटा होतो आणि एकाच अंगावर पडायला लागतो. एक चिचोका नीट व्हायला पाच-दहा मिनिटं लागतात, बोटं चिकट होतात, आणि तेवढा वेळ मोबाईल हातात धरता येत नाही.

जेवढे पांढरे वर तेवढं दान. एक, दोन, तीन. चारही पांढरे आले तर चंगा म्हणजे चार, चारही काळे आले तर अष्टा म्हणजे आठ. या दोन्हीला आणखी एक दान मिळतं. तुमचा बारा वर्षांचा मुलगा असेल त्याला इथे अडकवा. चार चिचोके पडायच्या एकूण तऱ्हा सोळा. त्यातल्या सहांत दोन पडतं, चारांत एक, चारांत तीन, आणि चंगा व अष्टा सोळातून एकेकदाच. म्हणजे सरासरी दान अडीच पडतं. चार सोंगट्यांची पावलं शहाण्णव. एकही सोंगटी मेली नाही असं धरलं तरी अडतीस-चाळीस दानं लागणारच, आणि सोंगट्या तर मरणारच. हे हिशेब चिचोके अगदी सारखे पडतात असं धरून आहेत. तुमचे घासलेले चिचोके तसे पडत नसतील. पन्नास वेळा टाकून वहीत मांडायला सांगा, म्हणजे कुठला चिचोका लबाड आहे ते कळेल. सहावीच्या मुलांना मी हाच प्रयोग करायला लावायची, फळ्यावरच्या गणितापेक्षा तो जास्त ध्यानात राहायचा.

या खेळात उठून जायची मुभा आहे. जाऊबाई दूध बघायला गेल्या की त्यांच्यासाठी धाकटी चिचोके टाकते आणि सोंगटी कुठली चालायची ते त्या चुलीपाशूनच ओरडून सांगतात. "कडेची चाल वं, कडेची! मधलीले हात नको लावू!" डाव थांबत नाही.

आणि हो, आजी खोडी करते. सगळ्याच आजी करतात. तीनची चाल पदराआडून चार होते. ते पकडायचं काम सात वर्षांच्या लेकीकडे सोपवा. मोजणी तिला यानेच येईल.

आता एक अडचण आधीच सांगून ठेवते, कारण आपल्या भागात ती हमखास येते. एखाद्या घरात म्हातारे आजोबा फासे, कवड्या, पत्ते यांपैकी काहीच घरात येऊ देत नाहीत. मला असे एक भेटले होते. पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, त्यांच्या मोठ्या भावाने बैलजोडी जुगारात घालवली होती, आणि तेव्हापासून त्या घरात दान हा शब्द फक्त धर्माच्या अर्थाने वापरत. त्यांच्याशी वाद घालू नये. मी त्यांना नळ-दमयंतीची गोष्ट आठवून दिली. दमयंती आपलीच लेक. अमरावती जिल्ह्यात वर्धेच्या काठी कौंडण्यपूर आहे, तेच विदर्भाच्या राजाचं कुंडिनपूर मानतात. तिच्या नवऱ्याने फाशांवर राज्य घालवलं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच कथेत पुढे ऋतुपर्ण राजा नळाला सारथी करून विदर्भाकडे निघतो आणि वाटेत बेहड्याच्या झाडावर पानं किती, फळं किती हे नुसतं बघून सांगतो. नळ रथ थांबवतो, खाली उतरून मोजतो, आकडा जुळतो, आणि मग ऋतुपर्ण त्याला फाशांची विद्या देतो. बेहडाच का? कारण जुन्या काळी बेहड्याच्या फळांचेच फासे असत. मेळघाटाच्या रानात तो आजही उभा आहे. सांगायचा मुद्दा हा की नळाला बुडवलं ते पैजेनं, आणि सावरलं ते मोजण्यानं. आजोबा खेळायला बसले नाहीत, पण बाजूला बसून बघू लागले. तेवढं पुरे होतं.

म्हणून माझा एकच कडक नियम: डावावर काहीही लावायचं नाही. रुपया नाही, पेपरमिंटची गोळीही नाही. कोजागरीला रात्र जागवायला अक्षक्रीडा सांगितली आहे, वेरूळच्या लेण्यांत शंकर-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत, खंडोबा म्हाळसेशी हरला अशी कथा आहे, सगळं खरं. पण आपल्याकडे पोळ्याचा जुगार आहे, तेव्हा गोळीसुद्धा नको.

आता कॅरम. दोन हजारांतले बहुतेक यावरच जातील आणि जाऊ द्या. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, एक राणी, हे सगळ्यांनाच येतं, शिकवावं लागत नाही. स्पर्धेच्या बोर्डाची खेळायची जागा साधारण 74 सेंटीमीटर चौरस असते. मुलांसाठी म्हणून विकतात ते छोटे बोर्ड घेऊ नका, मोठ्यांचे हात त्यावर बसत नाहीत आणि दोन दिवसांत ते फक्त मुलांचं होऊन जातं. दुकानात बोर्ड आडवा ठेवायला सांगा, मधोमध सोंगटी ठेवून चारही दिशांना हलका टिचका मारून बघा. एकीकडे जास्त ओढ दिसली तर फळी वाकलेली आहे. पुण्याहून नेऊ नका, बसच्या टपावर कोपरे फुटतात. यवतमाळला घ्या.

दोन गोष्टी दुकानदार सांगणार नाही. कूलरसमोर कॅरम मांडला की तासाभरात सोंगट्या चालेनाशा होतात, कितीही पावडर टाका. कूलरची हवा ओली असते आणि फळी ती ओढून घेते. कूलरच्या बाजूला, वाऱ्याच्या रेषेबाहेर बसा. बोरिक पावडर वापरलीत तर धाकटीला हात धुतल्याशिवाय खायला देऊ नका, ती पोटात जाण्याची वस्तू नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कॅरम बाहेरच्या सपरीत ठेवला की आठ दिवसांत तो तुमच्या घरचा राहत नाही. दीर, त्यांचे मित्र, शेजारचे पोट्टे, मग एके संध्याकाळी बोर्ड उचलून पानठेल्याच्या मागे. माझ्या वहीत कॅरम नेल्याच्या नोंदी बायकांच्या नावावर जवळपास नाहीतच, आणि खेळता येत नाही असं तर नाही. आमच्या गावात एक सत्तरीच्या बाई आहेत, अंगठ्याने उलटी सोंगटी घेतात आणि कोणाकडे बघतसुद्धा नाहीत. त्यांना पहिल्यांदा स्ट्रायकर मिळाला तो बोर्ड स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत ठेवला तेव्हा. तुम्हीही आतल्या खोलीत ठेवा. चौघांत जोड्या पाडताना समोरासमोर एक मोठा, एक लहान. बाप-लेक एका बाजूला नको; राणी घेतली आणि कव्हर चुकलं की बाप लेकराला सगळ्यांदेखत बोलतो. आजोबा-नात चालते.

बुद्धिबळाबद्दल लोक आजकाल फार विचारतात. 2025 च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियात बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, अंतिम सामन्यात कोनेरू हम्पीला हरवलं आणि त्याच दमात ग्रँडमास्टरही झाली, तेव्हापासून माझ्या पेटीतला पट रांगेत असतो. चांगलंच आहे. पण तो दोघांचा खेळ, बाकी चार जण बघत बसणार. घ्या, स्वस्त मिळतो, पण कुटुंबाचा खेळ म्हणून त्यावर भिस्त नको. आणि सासरे खेळत असतील तर मुलाला एक सांगून ठेवा. जुन्या लोकांचं बुद्धिबळ देशी असतं. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं, किल्लेकोट (कॅसलिंग) नसतो, राजाला शह मिळण्याआधी एकदा घोड्याची चाल मिळते. पोरगं क्लासमध्ये दुसरं शिकून आलेलं असतं. मग पहिल्याच चालीला "आजोबा, तुम्हाला नियम माहीत नाहीत" असं वाक्य पडतं आणि पट गुंडाळला जातो. पट मांडायच्या आधी मुलाने विचारायचं, "आबा, तुमच्यात प्यादं किती घरं जाते?" आणि पहिले दोन डाव त्यांच्या नियमांनी.

सापशिडी धाकटीसाठी ठेवा. त्यात डोकं लावायला काही नाही, जे पडेल ते पडेल, म्हणूनच सात आणि सत्तर एका पातळीवर येतात. आपल्याकडचा जुना मोक्षपट ज्ञानदेवांनी रचला असं परंपरेने सांगतात. शिडी पुण्याची, साप पापाचा. सासूबाईंना हे सांगितलंत तर त्या प्रत्येक सापाला नाव देतील. आमच्याकडे अठ्ठ्याण्णवच्या सापाला शेजारणीचं नाव होतं. लुडो वेगळा घेऊ नका, सापशिडीच्या मागच्या बाजूला बहुधा असतोच, आणि तो आपल्या पचिशीचाच सुटसुटीत, विलायतेहून परतलेला अवतार आहे.

व्यापाराचा खेळ मुलं मागतीलच. पैशांचा हिशेब येतो, सुट्टे द्यायला-घ्यायला शिकतात, हे खरं. पण तीन-तीन तास संपत नाही, आणि ज्याचं दिवाळं निघालं तो उठून मोबाईल घेतो. तुमचा मूळ आजार परत. घड्याळ लावून खेळा, दीड तास झाला की जिथे आहे तिथे थांबून नोटा मोजायच्या. या जातीच्या खेळाची आजी म्हणावी असा खेळ अमेरिकेत लिझी मॅगी नावाच्या बाईने काढला, 1904 मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. जमीन मोजक्या हातांत गेली की भाडं भरणाऱ्यांचं काय होतं हे लोकांना दिसावं म्हणून. पुढे 1935 मध्ये त्यातूनच निघालेला मोनोपॉली बाजारात आला, आणि त्यात दुसऱ्याला कफल्लक करणारा जिंकतो. आमच्याकडे एका घरी हा डाव चालला असताना घरच्या आबांना पैसे कमी पडले. नातू म्हणाला, "आबा, जागा गहाण टाका, बँक पैसे देते." आबांनी हातातलं कार्ड पालथं केलं, मांडीखाली ठेवलं. "वावर गहाण नाही टाकत मी. खेळातबी नाही." सगळे हसले, ते नाही. नातवाने थोडा वेळ थांबून आपल्याकडच्या दोन नोटा त्यांच्यापुढे सरकवल्या. नियमात बसत नव्हतं. मी काही बोलले नाही.

वाघ-बकरी मात्र नक्की खेळा, आणि त्यालाही पैसे लागत नाहीत. रेघांचा पट, रेघा मिळतात ते पंचवीस ठिपके. वाघ उडी मारून बकरी खातो, बकऱ्या वाघाला कोंडतात. नेपाळात चार वाघ आणि वीस बकऱ्या असतात, आपल्याकडे गावागणिक वाघ बदलतात. सासऱ्यांना विचारा, त्यांच्या लहानपणी होते तेवढे ठेवा. खेळ दोघांचा असला तरी मी तो सगळ्या घराचा करते: वाघ एकट्या आजोबांचे, बकऱ्या सगळ्या पोरांच्या मिळून. चाल करण्याआधी पोरांनी आपसांत ठरवायचं. पहिले काही डाव वाघ फाडून खातो, कारण प्रत्येक जण आपापली बकरी पुढे दामटतो. मग एक दिवस कोणाच्या तरी लक्षात येतं की बकरीच्या मागचा ठिपका भरला की वाघाला उडीच मारता येत नाही. त्या दिवशी आजोबा हरतात आणि पोरं गावभर सांगत सुटतात. टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूच्या गावांतली मुलं हा खेळ जास्त मन लावून खेळतात, वाघ त्यांना पुस्तकातून माहीत झालेला नसतो.

शब्दांचे इंग्रजी खेळ आणि पत्त्यांचे गठ्ठे असलेले नवे परदेशी खोके या खेपेला राहू द्या. वाईट नाहीत. पण कार्ड वाचायला एक माणूस लागतो, आणि तो माणूस मग खेळत नाही, वाचून दाखवतो. तो माणूस तुम्हीच असाल.

लहानग्या लेकीला मुद्दाम जिंकू देऊ नका. तिला कळतं. हरल्यावर रडली तर रडू द्या, चिचोके मात्र फेकले तर तिनेच गोळा करायचे, एवढंच. मोठ्यांना मुद्दाम जिंकू देणं तर त्याहून वाईट, आजीला ते पहिल्याच डावात समजतं.

तर खरेदी एवढीच: कॅरम, सापशिडी, हवं तर बुद्धिबळ, आणि खडूची एक पेटी. चिचोके घरात असतीलच, चिंच फोडून झालेली असेल. गेल्या गेल्या सासूबाईंना "आई, खेळता का?" असं विचारू नका. नाहीच म्हणतील. दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपली, भांडी झाली, की मुलांना घेऊन ओसरीवर त्यांना दिसेल अशा जागी अष्टा-चंगाचा पट आखायला बसा. आणि एक फुली बाजूच्या मधल्या घराऐवजी कोपऱ्यात काढा. त्या थोडा वेळ बघतील. मग खडू मागतील.